मंगळवारची नोंद

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक म्हातारं जोडपं बसलं होतं. आजोबांच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, आजींच्या मांडीवर त्यांची पक्ष्यांच्या रोजच्या नोंदींची वही.

“वाच. मंगळवारी घरट्यात काय दिसलं?”

“दोन पिल्लं, चोची उघडून बसलेली.”

“अगं, मंगळवारी माझं ऑपरेशन होतं. तू पहाटेपासून इथेच होतीस.”

“सोमवारचंच उतरवलं. तीस वर्षांत तुमचा एक दिवस चुकला नाही, म्हटलं पान कोरं नको.”

“याच वहीवरून पुस्तक लिहितो ना मी! रेघ मार त्यावर.”

“मारली. आता?”

“लिही, ‘आज घरट्याकडे पाहिलं नाही.’ आणि कारण.”

“कारणही?”

“लागतंच. दिवसभर काय करत होतीस?”

“तुमच्याकडे बघत होते.”

“मग तसंच लिही. पुस्तकात एक अक्षर बदलणार नाही.”