खाली वाडी आहे

(दुबई, देरा. १९६५चा जानेवारी, सकाळ. हमदुल्लाचं सायकलचं दुकान. मागच्या खोलीत त्याची बायको मरियमबी खानावळ चालवते.)

हमदुल्ला: नाही म्हणजे नाही. भाड्याची सायकल खाडीकाठी फिरवायची असते. डोंगरात न्यायला ती काय माझ्या आजोबांची घोडी आहे?

शौकत: चाचा, सायकल धड परत आणून देईन.

हमदुल्ला: सायकलचं कोण बोलतंय? मी तुझं बोलतोय. बस आधी.

शौकत: बसवत नाही.

हमदुल्ला: मग उभा राहा, पण त्या पंपाला लाथ मारू नको. सकाळपासून येरझाऱ्या घालतोयस. गिऱ्हाईक दारातून आत डोकावतं आणि परत जातं.

शौकत: हवा भरून द्या, लगेच जातो. शारजाहून धैदला लॉरी सुटते, सायकल टपावर टाकेन. वाळू तिथे संपते. पुढे खडीचा रस्ता आहे, सगळे ड्रायव्हर तसंच सांगतात. आधी सीजी, मग मसाफीचा घाट, मग उतार थेट फुजैराच्या समुद्रापर्यंत.

हमदुल्ला: घाट म्हणे. आंबा घाट आहे काय तो, कडेला चुना फासलेले दगड आणि मैलाच्या पाट्या लावलेला? अरे, नदीच्या कोरड्या पात्रातून लँड रोव्हरची चाकं गेली, तोच रस्ता. नारळाएवढे गोटे असतात. चढावर सायकल तुझ्यावर बसेल आणि उतारावर ब्रेकचं रबर जळेल.

शौकत: तुम्ही कसे आला होता? त्याच वाटेने ना?

हमदुल्ला: पायी आलो होतो. खोरफक्कानच्या किनाऱ्यावर लाँचवाल्याने कंबरभर पाण्यात उतरवलं आणि म्हणाला, दुबई त्या डोंगरामागे आहे. एक डोंगर संपला की दुसरा निघायचा. नंतर पुष्कळ दिवस लॉरीवर क्लीनर होतो, कोळसा आणायला त्या डोंगरात जायचो. म्हणून सांगतोय, तू जाऊ नको.

शौकत: माझा भाऊ आहे तिकडे.

हमदुल्ला: माहीत आहे मला.

शौकत: नूरुद्दीन सख्खा भाऊ आहे चाचा, आईचा धाकटा. लाँचमधून उतरलेली बाकी सगळी पोरं दुबईत पोचली, अन्वरसुद्धा पोचला, तोच नाही. आणि मी ऑफिसात बसून बिलं टाइप करायची? मॅनेजरला सांगितलं, सर, इमर्जन्सी लीव्ह पाहिजे. तो म्हणतो, स्टीमर लागलाय, नेक्स्ट वीक बघू. मी टेबलावर किल्ल्या ठेवल्या आणि निघून आलो.

हमदुल्ला: नोकरी सोडलीस?

शौकत: काय झालं ते मलाही माहीत नाही. किल्ल्या ठेवल्या एवढं खरं.

मरियमबी: हा चहा घे. आणि तुम्ही त्याला ओरडू नका, रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही त्याचा. मी पहाटे नमाजला उठले तेव्हा बाहेर ओट्यावर बसलेला होता.

शौकत: चाची, अन्वर जागा झाला का?

मरियमबी: जागा झालाय, पेज प्यायला. पायाला नुसते फोड आहेत त्याच्या. पाणी लावलं की रडतो. फोडांसाठी नाही रडत तो. सारखं एकच, मी त्याला एकटा जाऊ दिला, मी त्याला एकटा जाऊ दिला.

हमदुल्ला: वीस वर्षांचं पोर. तो तरी काय करणार होता?

शौकत: मी त्याला काही बोललेलो नाही. खरं सांगू? काल बोलावंसं वाटलं. मनात आलं, तू आलास आणि तो नाही, असं कसं? मग स्वतःचीच लाज वाटली.

मरियमबी: तुझंही चुकलंच रे. भाऊ येणार हे कळल्यावर तू आधीच तिकडे जाऊन राहायला हवं होतंस. बैल गेला नि झोपा केला, आता सायकल मागतोस.

हमदुल्ला: मरियम, पुरे.

मरियमबी: आपलं माणूस आहे म्हणून बोलते. परक्याला कशाला बोलेन?

शौकत: बोला चाची. आईसुद्धा हेच बोलेल.

हमदुल्ला: मी काय म्हणतो, मसाफीला स्काउटांची, त्या इंग्रजांच्या पलटणीची, चौकी आहे, त्यांच्या कानावर घाल. कागद नसेल तर लाँचवर बसवून परत पाठवतील. पाठवू देत. जिवंत तर राहील.

शौकत: घातलं. कालच गेलो होतो. त्यांच्या ऑफिसात एक केरळचा क्लार्क आहे, भला माणूस. त्याच्या साहेबाने वायरलेस केला. जीपवाल्यांनी सीजीत विचारलं, मसाफीत विचारलं, अधेमधे चार घरं दिसतील तिथे विचारलं. कुठल्याच गावात असा माणूस आलेला नाही.

हमदुल्ला: गावातच का शोधलं?

शौकत: मीच सांगितलं तसं. नूरुद्दीन गावातच गेलाय. अन्वर तेच म्हणतो ना.

हमदुल्ला: मला अन्वरने काही सांगितलं नाही. काल आला आणि आडवा झाला. नीट सांग बघू, काय झालं?

शौकत: फुजैराकडून चढून आले. मसाफी मागे टाकलं, उतार लागला. तेवढ्यात मागून जीपचा आवाज आला म्हणून सगळे वाट सोडून दगडांआड पांगले. जीप गेली. मग बघतात तर पाणी संपलेलं. तिथे शेळ्या चारणारा एक बदू अरब भेटला. नूरुद्दीनने रिकामी बाटली दाखवून खुणेने विचारलं, पाणी कुठे? बदूने हात करून सांगितलं. नूरुद्दीन अन्वरला म्हणाला, खाली वाडी आहे, पाणी मागून आणतो, तुम्ही इथेच बसा. ते अंधार पडेपर्यंत थांबले, हाका मारल्या. वाटाड्या ऐकेना, त्याने सगळ्यांना पुढे काढलं.

मरियमबी: या अल्लाह.

शौकत: म्हणजे तो वाडीत पोचलाय. कुणीतरी घरात घेतलं असेल, आजारी असेल, भाषा येत नाही. आणि मी गेल्याशिवाय ती माणसं कुणाला सांगणार नाहीत, पोलिसांना घाबरत असतील. म्हणून मला घराघरात जायचंय. लँड रोव्हरवाला माझ्यासाठी प्रत्येक घराशी थोडाच थांबणार? सायकल असली की मी माझा.

मरियमबी: पण मला एक कळत नाही. त्या उघड्याबोडक्या डोंगरात वाडी कसली? माड-पोफळी आहेत तिथे? विहिरी आहेत?

शौकत: असेल चार खजुरांची. इथल्या लोकांची वाडी ती, आपल्यासारखी कशी असेल?

मरियमबी: तसं असेल तर असेल. मी आपलं विचारलं.

हमदुल्ला: शौकत, बदू काय म्हणाला? त्याच्या तोंडचा शब्द काय होता?

शौकत: वाडी म्हणाला. आत्ताच सांगितलं ना.

हमदुल्ला: बदूला मराठी येत होती?

शौकत: म्हणजे?

हमदुल्ला: वाडी हा आपला शब्द आहे. बदूच्या तोंडात तो कुठून येईल? मरियम, आत जाऊन अन्वरला विचार. सांग, बदू बोलला तसंच्या तसं बोलून दाखव. यल्ला, जा.

शौकत: चाचा, काय झालं? मला सांगा ना. असे चाकाकडे काय बघत बसलात?

हमदुल्ला: थांब. तिला येऊ दे.

शौकत: मला थांबवत नाही. कालपासून सगळे मला थांबच म्हणतायत.

मरियमबी: विचारलं. तो म्हणतो, बदू दोनदा बोलला, वादी, वादी. अन्वर म्हणाला, जीभ जड असते ना त्यांची, म्हणून वाडीला वादी म्हणाला. दोघांना केवढा आनंद झाला म्हणे. परक्या मुलखात आपला शब्द ऐकू आला म्हणून नूरुद्दीन हसला आणि पळतच उतरला.

शौकत: वादी.

हमदुल्ला: हां. वादी. नदीचं कोरडं पात्र. बदूने त्याला बरोबर सांगितलं होतं, पात्रात उतर, पाणी आहे. या दिवसांत कातळाखाली कुठेकुठे डबकं असतं. पोराला वाटलं, घरं आहेत.

शौकत: मला हा शब्द माहीत आहे. ऑफिसात रोज ऐकतो. बिलावर टाइप करतो. वादी सीजी, वादी हाम. अन्वरच्या तोंडून वाडी ऐकली आणि माझ्या डोळ्यांपुढे आमची वाडीच आली, चाचा. कुंपण, गडगा, शेणाचा वास. तिथे नूरुद्दीन खाटेवर निजलाय, हेच दिसत राहिलं. मी शोधणाऱ्यांनाही गावांत पाठवलं.

मरियमबी: तू मुद्दाम केलंस का? बस जरा. माझं ऐक, बस.

शौकत: म्हणजे घर नाही. माणूस नाही. तो चार दिवस दगडांत फिरतोय, चाची.

हमदुल्ला: आता कान इकडे कर. रडायचं ते लॉरीत रड. डबकं सापडलं असणार त्याला, बदू उगाच सांगत नाही. पाणी प्यायला म्हणजे जीव राहिला. पण वाडी दिसली नाही, म्हणून तो आणखी खाली गेला असणार. आपण कोकणातली माणसं. खाली गेलं की घर लागतं, खाडी लागते, हेच आपल्याला ठाऊक. मग परत फिरला असेल आणि तिथे फसला असेल. उतरताना सगळे वहाळ एकात एक मिळत जातात, वाट एकच राहते. चढताना दर वळणावर दोन फाटे. कुठला आपला ते कळत नाही. शेवटी माणूस थकतो आणि पुन्हा खालीच वळतो.

शौकत: आणि खाली काय आहे?

हमदुल्ला: समुद्र नाही. डोंगराच्या या बाजूचा वहाळ समुद्राला जातच नाही, सपाटीवर येतो आणि वाळूत जिरतो. पण तिथे झाडं आहेत. झाडं आहेत म्हणून शेळ्या आहेत, आणि शेळ्या आहेत म्हणून हिवाळ्यात बदूंचे तंबू असतात. तंबूत कुणी उपाशी आला तर त्याला तीन दिवस नाव-गाव विचारत नाहीत. जेवायला घालतात आणि झोपू देतात. म्हणून बातमी फुटली नसेल.

मरियमबी: खरं सांगताय, की त्याला धीर द्यायला?

हमदुल्ला: दोन्ही.

शौकत: मग मी घाट चढायचा नाही?

हमदुल्ला: मसाफीचं नाव सोड, खलास. धैदला उतरलास की डोंगराकडे तोंड करून निघ. डोंगर आणि वाळू यांच्यामधे कडक खडीचा पट्टा आहे. गाड्या त्याने जात नाहीत, पण सायकल चालते. डोंगर उजव्या हाताला ठेव आणि पायथ्याने जा. जिथे जिथे पांढऱ्या गोट्यांची जीभ बाहेर आलेली दिसेल तिथे एक वादी उतरते. तिथे थांब, झाडाखाली बघ, धूर दिसतो का बघ, हाक मार. नसला तर पुढची जीभ.

शौकत: किती आहेत अशा?

हमदुल्ला: मी मोजल्या नाहीत. तूही मोजू नको. आणि लॉरीत बसायच्या आधी त्या केरळच्या क्लार्ककडे जा. सांग, गावं नाही, वादीची तोंडं बघा. शरम करू नको, शब्द चुकला म्हणून सरळ सांग.

शौकत: आणि परत पाठवलं त्याला, तर पाठवू दे.

मरियमबी: आता कसा माणसासारखा बोललास.

शौकत: चाची, तो हसत उतरला म्हणता?

मरियमबी: अन्वर तसंच म्हणाला. हसत गेला.

शौकत: घरातही तो तसाच. नवीन माणूस आपला एक शब्द बोलला की ह्याची त्याच्याशी दोस्ती. आई म्हणायची, ह्याला कुणीही पळवून नेईल.

हमदुल्ला: ती नवी सायकल घे, भिंतीकडची. टायर जाड आहेत. हवा जरा कमी ठेवतो, खडीवर उडणार नाही. पंप, पाना, रबराचे तुकडे आणि सोल्युशन पिशवीत टाकतो. गोट्यांवर बसून चालवायचा हट्ट धरू नको, उतर आणि ढकल.

मरियमबी: भाकऱ्या बांधते. खजूर आणि पाण्याच्या दोन बाटल्या. जास्त दे म्हणू नको, वजन होईल.

शौकत: वजनावरून आठवलं. चाचा, घंटा आणि मडगार्ड काढा. आणि हे मागचं कॅरिअरही काढून टाका. वाळूत सायकल खांद्यावर घ्यावी लागेल, तेवढीच हलकी होईल.

हमदुल्ला: बरोबर आहे. पाना दे इकडे.

मरियमबी: घंटा काढा, मडगार्ड काढा. कॅरिअरला हात लावू नका.

शौकत: का चाची?

मरियमबी: येताना नूरुद्दीन कशावर बसेल?