सांडलेली कणी

टोकावड्याच्या दवाखान्यात जयश्री नंबरची वाट बघत होती. बाकावर तिच्या शेजारी भगीरथशेठ होते, भातगिरणी विकून घरी बसलेले. कुणी विचारलं नसतानाच ते समोर भुईवर बसलेल्या जनाबाईशी बोलायला लागले.

"बंगलेवाल्यांच्या दारापर्यंत डांबर गेलं. तुमच्या वाडीत नळ आला?"

"नाय आला."

"येणारच नाय! सगळ्या पक्षांना वर्गण्या देऊन बघितल्या मी. गरीब माणूस त्यांना मतापुरता लागतो."

"तुमची गिरणी व्हती तवा बरं व्हतं, शेठ. झाडून काढली का सांडलेली कणी आमची. पोरांना पेज व्हायची."

"गिरणी कशावर चालवू? भात लावायचं सोडून लोक जमिनी विकतात. सरकारलाही बंगलेच पायजेत. या देशाचं काय खरं नाय."

"तुमी पण बंगलेवाल्यालाच दिली ना जागा?"

"मग काय करू? पोरं मुंबईला, इकडे बघणार कोण? ते जाऊ दे. तू काय करतेस आता?"

"झाडतेच की. रोज तितंच जाते, तुमच्या गिरणीच्या जागेवर."

"मग काम तरी सुटलं नाय तुझं."

"नाय सुटलं. पण आता तितं लॉन हाय, शेठ. कितीबी झाडलं तरी कणी नाय मिळत."