रुमालाखालचा सौदा

आमच्या बाबांनी परदेशात भाव कसा केला, ते ऐका. ताईने आम्हाला ॲमस्टरडॅमला बोलावलं होतं. शेवटचा दिवस, संध्याकाळी विमान, आणि आईला उलव्याच्या नव्या घरातल्या देवघरासाठी जुन्या बाजारातली एक पितळी घंटा हवीच होती.

दुकानदार म्हातारा होता. ताई कामावर गेलेली, आणि मला इंग्रजी बोलायची लाज वाटते.

"बाजूला हो," बाबा म्हणाले. "तीस वर्षं वाशी मार्केटात कांदा विकलाय मी."

मार्केटात भाव रुमालाखाली, बोटं दाबून ठरतो. बाबांनी म्हाताऱ्याचा हात धरला, वर रुमाल टाकला आणि पाच बोटं दाबली. म्हणजे पाच युरो. त्याला बहुतेक वाटलं, हे निरोप घेतायत. त्याने प्रेमाने दुसराही हात आत घातला.

"आयला, दहा मागतोय! पक्का व्यापारी आहे!" बाबा खूश.

"अहो, विमान सुटेल!" आई ओरडली.

बाबांनी दहाची नोट दिली. म्हाताऱ्याने हसत दोन युरो परत केले.

"बघितलंस? आठवर आणला!" बाबा घंटा वाजवतच निघाले.

विमानतळावर मी घंटा उलटी केली. आत चिठ्ठी चिकटवलेली होती: आठ युरो.

ती मी हळूच काढली. अजून माझ्या पाकिटात आहे. बाबांना सांगू नका.