बाबांचा नऊ किलोचा मासा

—नाही हो, दुरुस्त नाही करायचा, तेच तर सांगतेय मघापासून. काटा चांगला आहे. उत्तम आहे. मला तो बिघडवून हवाय. हां, असं बघू नका, आधी पूर्ण ऐकून घ्या, आणि ते दार जरा लोटून घ्या—उघडंच राहू दे म्हणता? बरं, राहू दे. हा बघा, टांगायचा काटा, स्प्रिंगचा, वर कडी, खाली आकडा, मध्ये ही तबकडी. ह्याला साडेचार किलो टांगले की सुईनं नऊवर जाऊन उभं राहायचं. बस्स, एवढंच काम. आणि बारा वाजायच्या आत. आत्ता किती झालेत? अकरा दहा. म्हणजे पावणेबाराला मला तळ्यावर परत पोचायला हवं, आणि वाटेत बर्फही घ्यायचाय, कारण घरच्यांना मी बर्फ आणायला जाते म्हणून सांगून निघालेय.

दुकान? माझं? छे हो! मी शाळेत चित्रकला शिकवते. माझ्याकडे तोलून विकायला काय असणार, खडू? कुणा गिऱ्हाइकाला फसवायचं नाहीये मला. म्हणजे फसवायचंय, पण घरातल्या घरात—आणि घरातल्या घरात फसवणं म्हणजे फसवणूक नव्हे, त्याला संसार म्हणतात. तुम्ही लग्न झालेले दिसता, तुम्हाला काय सांगायचं! तर आम्ही सुट्टीला आलोय तळ्यावर. त्या लाकडी खोल्या आहेत ना धक्क्याजवळ, त्यातली शेवटची. माझे आईबाबा, मी, माझी दोन मुलं आणि आमचे हे. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. मी आठ वर्षांची होते तेव्हापासून दर वर्षी ह्याच तळ्यावर, ह्याच खोलीत उतरायचं, गळ टाकून बसायचं आणि संध्याकाळी बोटभर चार मासे घेऊन परत यायचं. आई म्हणते, ह्या चार माशांसाठी लागलेल्या गाड्यांच्या तिकिटांत मी घर रंगवून घेतलं असतं. पण बाबा येतात. का येतात? तर त्या नऊ किलोच्या माशासाठी.

पहिल्याच वर्षी, मी आणि बाबा, दोघंच होडीत. गळाला काहीतरी लागलं. बाबा अर्धा तास झुंजले त्याच्याशी—अर्धा तास! मी होडीची कड धरून बसलेले, होडी ही अशी गोल फिरतेय, आणि मग दोरी तुटली, बाबा पाठीवर आडवे, पाय वर, आणि तो गेला. सुटला. बाबा उठून बसले आणि म्हणाले, नऊ किलो. आता तुम्ही म्हणाल, पाण्यातल्या माशाचं वजन ह्यांना कसं कळलं? अहो, बाबा पोस्टात पार्सलखात्यात होते. एकतीस वर्षं. पार्सल हातात घेतलं की वजन सांगायचे, काट्यावर ठेवायची गरजच नाही. साहेब लोक पैज लावायचे आणि हरायचे. तर तो हात म्हणाला नऊ, म्हणजे नऊ. विचारा माझ्या पोरीला, ती होती बरोबर—हे बाबांचं ठरलेलं वाक्य. आणि मी? मी म्हणायची, एवढा मोठा होता, ह्या टेबलाएवढा. दर वर्षी टेबल बदलायचं, मी बदलले नाही.

कोण, आमचे हे? ह्यांचं काय विचारता! ह्यांची बाबांशी पहिली भेट झाली तेव्हा बाबांनी मोठ्या हौसेनं ती गोष्ट सांगितली, सगळे वा वा करतायत, आणि आमचे हे चहाचा कप खाली ठेवून विचारतात, नऊ किलो कशावर तोललात? झालं! बावीस वर्षं झाली त्या चहाला. बाबा अजून ह्यांना नावानं हाक मारत नाहीत, काटेवाले म्हणतात. काटेवाले आले का, काटेवाले जेवले का. ह्यांना त्याचं काही वाटत नाही, कारण ते काटेवालेच आहेत. हॉटेलात लोण्याची वडी आली की खिशातून छोटा काटा काढून वडी तोलतात. मुलांची दप्तरं तोलतात. साबण तोलतात. बाळंतपणात मला कळा येतायत आणि हे परिचारिकेला विचारतायत, बाळ तोलायच्या काट्याची शेवटची तपासणी कधी झाली? पोटची पोर बघायच्या आधी काटा बघितलेला माणूस! म्हणून तर ह्यांना सुट्टीवर आम्ही कधी आणलंच नव्हतं. ह्यांनाही रजा मिळायची नाही, आणि आम्हीही फार आग्रह करायचो नाही. ह्या वर्षी नेमकी रजा मिळाली, आणि सामानात कपड्यांच्या आधी हा काटा.

हो, तो शिक्का सरकारीच आहे. शिशाचा. तारेत ओवलेला. अहो, सरकारी खात्यातल्या माणसाच्या काट्यावर सरकारी शिक्का नसणार तर काय—म्हणजे, ते काय झालं, आमचे हे वजनमाप निरीक्षक आहेत. थांबा! शटर कशाला ओढताय? अहो दादा, शटर वर करा, अंधार झाला इथे! हा जिल्हा ह्यांचा नाहीच मुळी, ह्यांचा भाग वेगळा, तिकडे दूर. धाड नाहीये ही. मी धाडीसारखी दिसते का, ह्या चपलांत? बसा. पाणी प्या. तुमचा परवाना कुठे जात नाही. मला कळतंय, तुमचं पोट ह्याच्यावर आहे, पण माझ्या म्हाताऱ्याचा प्राण अडकलाय त्या माशात, आणि ह्या गावात काटेदुरुस्तीचं तुमचंच एक दुकान आहे.

ऐका ना. आज पहाटे बाबांना मासा लागला. खरोखरचा. सहा वाजता धक्क्यावरून असे ओरडले की आई ब्रश तोंडात धरून पळत सुटली. मासा बघितला आणि, काय सांगू, मला रडूच आलं—हा एवढा, चांदीसारखा पोटाला, शेपूट आपटतोय. बाबांनी दोन्ही हातांनी उचलला, डोळे मिटले, आणि म्हणाले, तोच. तोच आहे हा. नऊ किलो. आता दादा, मी दोन मुलांची आई आहे. आमचा धाकटा जन्मला तेव्हा साडेचार किलोचा होता, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा तर चालतच बाहेर आला. ते वजन माझ्या हातांत आयुष्यभर बसलंय. मी मासा घेतला हातात आणि मला कळलं, धाकटाच आहे हा! साडेचार, तोळाभर इकडे नाही की तिकडे नाही. मग बाबांना नऊ का वाटला? तर हात म्हातारा झालाय त्यांचा. हल्ली पाण्याचा तांब्याही दोन्ही हातांनी उचलतात, आणि म्हणतात, तुम्ही हल्ली तांबे जड आणता. जो हात कधी चुकला नाही तो चुकायला लागलाय, आणि हे त्यांना अजून ठाऊक नाही.

आणि त्याच वेळी आमचे हे टॉवेल खांद्यावर टाकून आले, माशाकडे बघितलं आणि म्हणाले, बारा वाजता तोलू. सगळ्यांसमोर. रीतसर. बाबाही इरेला पेटले, म्हणाले, तोला ना काटेवाले, आज तुमचा काटा आणि माझा हात, होऊनच जाऊ दे! तोलला की सोडून देणार पाण्यात, असंही जाहीर केलं. तेव्हापासून मासा आमच्या न्हाणीघरातल्या टबात आहे आणि बाबा शेजारी स्टूल टाकून त्याच्याशी बोलत बसलेत. कुणाला आंघोळ नाही. आई म्हणते, चाळीस वर्षं तुझ्या बापानं असला मासा आणला नाही तेच बरं होतं, निदान अंग तरी धुता यायचं. आणि बाबा तिला म्हणाले—मी दारातच होते—म्हणाले, एवढं तोलून झालं की गळ कायमचा ठेवून देतो, माझं काम झालं. आता तुम्हीच सांगा, बारा वाजता सुई साडेचारवर थांबली तर? आजचा मासा अर्धा झाला, म्हणजे तो जुनाही अर्धा झाला, म्हणजे एकतीस वर्षांची पार्सलंही सगळी संशयात! अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणसानं हे कुठे ठेवायचं?

ह्यांना सांगून बघितलं का? सांगितलं ना! सकाळीच बाजूला घेतलं, म्हटलं, अहो, एकदा, फक्त एकदा काट्याकडे बघून खोटं बोला. तर हे म्हणाले, सुई जे दाखवेल ते मी वाचणार. बावीस वर्षांच्या नोकरीत मी सुईपेक्षा वेगळं वाचलेलं नाही. आणि मुलांना घेऊन होडीत निघून गेले. दगडाशी लग्न लावलं असतं तर दगड तरी कधी उन्हानं तापला असता! मग मी काय करणार? काटा दारामागे टांगलेला होता, तो पिशवीत घातला आणि आले तुमच्याकडे.

खोटं कशाला वाढवायचं, म्हणता. बरोबर आहे तुमचं. पण ते बाबांचं नाहीच हो मुळी. माझं आहे. आता हे मी कुणाला सांगितलेलं नाही, ह्यांनाही नाही, आईलासुद्धा नाही, आणि तुम्हाला का सांगतेय देव जाणे—त्या दिवशी दोरी तुटली तेव्हा बाबा पाठीवर पडले होते ना, त्यांना दिसलंच नाही. मला दिसलं. खुर्ची होती ती. वेताची खुर्ची, एका हाताची. पाण्यातून वर आली, तो एक हात असा वर केला, आणि गेली परत खाली. हसू नका! आठ वर्षांची पोर मी, बाबा ओलेचिंब उठून बसले, आणि एवढे खूश, एवढे खूश मी त्यांना कधी बघितले नव्हते, पार्सलखात्यात कुठलं खूश व्हायला मिळतंय! मला म्हणाले, बघितलास? तर मी म्हटलं, बघितला बाबा, केवढा मासा होता! आणि मग ते परत घेता येईना. चाळीस वर्षं माणूस एका खुर्चीच्या मागे येतोय इथे, दर वर्षी, माझ्यामुळे. मग आज साडेचार किलो वर चढवायचं पाप माझ्याच डोक्यावर असू दे ना.

करता? खरंच? शंभर वर्षं जगाल दादा. कुठलं वजन टांगताय, पाच किलोचं? हां, आधी बरोबर आहे का ते बघायला हवं, खरंच की. बघा, बघा. पण तिथे काही सापडायचं नाही तुम्हाला, आमच्या ह्यांचा काटा आहे तो, सूर्य चुकेल पण—किती?

दहा?

नाही हो, पाचाचं वजन दहाचं आलं असेल तुमच्या हातात. पाचच लिहिलंय? मग वजनच खोटं असणार तुमचं, रागावू नका, पण—दुसरं लावा बरं. दोन किलोचं. चार? असं कसं होईल? सकाळपर्यंत ठणठणीत होता काटा, काल संध्याकाळीच ह्यांनी मुलांना त्याच्यावर पाण्याची बाटली टांगून दाखवली, बरोब्बर एक लिटर, एक किलो. काय म्हणता, शिक्क्याची तार? नवी आहे? आत्ता पिळलेली? उघडा मग, उघडाच. नाही, ह्यांच्याशिवाय कोण हात लावणार, मुलांची काय टाप आहे, त्यांना त्या काट्याच्या आसपास खोकायचीही परवानगी नाही.

एकच स्प्रिंग. आणि दोन असतात. ह्या इथे दुसरी असते, ह्या रिकाम्या आकड्यात. एक काढली की सगळं दुप्पट. सुई शून्यावर परत आणून ठेवली की बघणाऱ्याला कळतही नाही. म्हणजे पाचाचे दहा. दोनाचे चार. साडेचाराचे—

थांबा जरा. एक मिनिट बोलू नका.

आमच्या ह्यांनी मासा हातातसुद्धा घेतला नव्हता हो. नुसता लांबून बघितला होता. साडेचार आहे हे नजरेनंच तोललं असणार. बावीस वर्षं हे असले काटे पकडून लोकांवर खटले भरलेत त्या माणसानं. सख्ख्या आतेभावाचं दुकान बंद केलंय ह्यापायी, अजून तिकडे जाणंयेणं नाही. आणि मला म्हणतात कसे, सुई जे दाखवेल ते वाचणार! आणि मी त्यांना दगड म्हटलं. तोंडावर नाही म्हटलं, पण तुमच्यासमोर तर म्हटलंच ना.

नाही, नाही, बसवू नका ती स्प्रिंग! हात लावू नका! झाकण लावा. तार होती तशीच पिळा, तश्शीच, त्यांना एक पीळ कमीजास्त झालेला कळतो. काय द्यायचं तुमचं? काही नाही कसं? बरं, जाऊ दे, तुम्ही मला बघितलं नाही आणि मी तुम्हाला बघितलं नाही. रडत नाहीये हो मी, शटर ओढलंत तेव्हा धूळ गेली डोळ्यांत. किती झाले? साडेअकरा! आणा तो इकडे, मला त्यांच्या आधी पोचून दारामागे टांगायला हवा, आणि बारा वाजता ते नऊ म्हणाले की मला आश्चर्यानं तोंडाचा आ करायचाय, आणि तो आ त्यांना खरा वाटायला हवा. सरका, सरका दादा. जाऊ द्या मला.