इथे बहिणीची सही लागत नाही

नाही नाही, लिही तू माझं मत, अगदी नावासकट लिही — नरहर दत्तात्रेय गोळे, वय एकावन्न, पौरोहित्य, दुर्गाघाट. वारसाहक्काचा कायदा दिल्लीने सगळ्या देशाला एकच करावा की ज्याच्या-त्याच्या राज्याने ठरवावा, हेच ना? राज्याने. बस्स. अगं, इथल्या लोकांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला — एकाच गंगेत डुबकी मारतो, पण महिना वेगळा. कुणाचं काही अडलं? दिल्लीला काय ठाऊक कुठल्या गावात काय चालतं? तू विद्यापीठातली मुलगी, तुला हे मी सांगायचं म्हणजे... बस ना नीट, ती सतरंजी ओढून घे. वर ऊन येतं म्हणून मी इथेच बसतो दिवसभर. खाली फारसा जात नाही.

उदाहरण? उदाहरण हवंय तुला. घे. चिरईगावला आमची पेरूची बाग होती, आजोबांना एका यजमानाने दिलेली. आता इथल्या, उत्तर प्रदेशच्या कायद्यात शेतजमिनीचं कसं आहे — बाप गेला की मुलगा वारस, आणि मुलगी कुंवारी असेल तर तीही बरोबरीने. पण लग्न झालेलं असलं की ती पार मागे. मुलगा आहे तोवर तिचा नंबरच लागत नाही. बदलणार म्हणतात आता, बदलू दे. आणि तिकडे वाईला, माझ्या चुलतभावांच्यात, तीन बहिणी, तिघींची लग्नं झालेली, नातवंडं झालेली, तरी सातबाऱ्यावर तिघींची नावं! माझा चुलतभाऊ घरोघर फिरला हक्कसोडपत्रावर सह्या मागत. एकीने चहा दिला, एकीने शिव्या दिल्या, तिसरी म्हणाली, सही नाही करत, जा. इथे ती कटकटच नाही. इथे बहिणीची सही लागत नाही. तहसीलमध्ये माझं नाव चढलं आणि तिला कागदसुद्धा दाखवावा लागला नाही — मतलब, मी काही लपवलं नाही, कायद्यातच नव्हतं दाखवणं. लखनौने ठरवलं, मी थोडंच ठरवलं?

हो, आहे ना बहीण. एकच. वैदेही. माझ्याहून चौदा वर्षांनी लहान, आई गेल्यावर मीच तिच्या वेण्या घातल्या. लग्न... आता आठ वर्षं होतील. बाबा असतानाच झालं. बाबांना देवदिवाळीनंतर झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली, डॉक्टर म्हणाले काही सांगता येत नाही. मग मुलीचं लग्न बापाच्या डोळ्यांदेखत होऊ नये? तूच सांग. सगळा घाट म्हणाला, नरहरने बापाची इच्छा पुरी केली. खरमास लागला होता, इथे खरमासात कोणी नवी झाडू घेत नाही, लग्न तर सोडच. पण मी आपलं पंचांग काढलं, महाराष्ट्रातलं. त्यात अडीअडचणीला गौणकाळाचे मुहूर्त दिलेले असतात. एक निघाला. मीच काढला, मीच अंतरपाट धरला, मंगलाष्टकंही मीच म्हटली.

घाई कसली? कोण म्हणालं घाई? ... हां, मीच म्हणालो असेन.

हे लिहू नको. पेन खाली ठेव. त्याच्या आठ दिवस आधी मी कचहरीत गेलो होतो. रिंग रोड चिरईगावकडून जाणार म्हणत होते, बागेला भाव आला होता, म्हटलं विचारून ठेवावं. वकीलसाहेब पान लावत होते. मान वर न करता म्हणाले, “गुरुजी, कुँवारी रही तो आधे की हिस्सेदार, ब्याह दी तो बाग आपकी.” एवढंच. गल्ल्यागल्ल्यांतून चालत घरी आलो आणि पंचांग काढलं. कळतंय का तुला? मुहूर्ताला महाराष्ट्र, कायद्याला उत्तर प्रदेश — जे जिथे सोयीचं ते तिथून उचललं. आणि तुला वर तोंड करून सांगतोय, राज्याने ठरवावं.

नागपूरचं स्थळ होतं, सुशांत नावाचा. मध्यस्थ म्हणालाही, गुरुजी, मुलाचा एक साखरपुडा मोडलाय, का मोडला तेवढी चौकशी करा. चौकशीला पंधरा दिवस तरी जातात. बाबांची खात्री नव्हती. दुसऱ्यांच्या मुलींची पत्रिका आली तर मी विचारतो, मुलगा कसा आहे, घर कसं आहे, रागीट आहे का — स्वतःच्या बहिणीचं नाही विचारलं. लग्नात बाबांनी डाव्या हाताने अक्षता टाकल्या. तिच्याकडे बघतच नव्हते, माझ्याकडे बघत होते, आणि अं, अं, करत होते. लोक म्हणाले आनंद झाला त्यांना. अकराव्या दिवशी गेले. ते अं, अं मला अजून ऐकू येतं, गंगेवर मोटरबोटी बंद झाल्या की येतं.

ती तीन वर्षांपूर्वी परत आली. एक बॅग घेऊन. डाव्या कानाने ऐकू येत नाही तिला, मारलं होतं त्याने. मी म्हटलं हे घर तुझंच आहे. हे म्हणताना माझी जीभ झडली नाही. खालच्या खोलीत राहते, पोरींना पेटी शिकवते. आणि जो भेटेल त्याला सांगते, दादामुळे बाबांनी माझ्यावर अक्षता टाकल्या, दादा नसता तर ते तसेच गेले असते. दर भाऊबीजेला सांगते, हातात ताम्हन घेऊन. शिव्या दिल्या असत्या ना तिने, तर मी खाल्ल्या असत्या, मुली. हे नाही गिळवत.

खोड ते. दिल्लीने ठरवावं, लिही. न्यायबिय मला कळत नाही — पण तिकडे निदान बहिणीच्या तोंडाकडे बघून सही मागावी लागते. मला जर मागावी लागली असती ना, तर माझी छाती नव्हती. बाग गेली असती अर्धी, आणि ती... जाऊ दे. तिला माहीत नाही आणि माहीत व्हायचंही कारण नाही. कोण सांगणार?

तो खालचा फॉर्म कुणाचा? बघू. अगं दे, खात नाही मी.

हे वैदेहीचं अक्षर. तू आधी खाली बसली होतीस? आणि वर ही कायद्याची माहिती छापलीय, ती वाचून दाखवलीस तिला? सगळी? कुंवारी मुलीचं पण? कुठल्या कानाशी... म्हणजे, ऐकू आलं ना तिला नीट? दोनदा वाचायला लावलं. हं. मग काय म्हणाली? लिहून दिलं?

चष्मा दे तो. “मत” या रकान्यात... “याबद्दल माझ्या भावाला विचारा. लग्नाआधीच त्याने सगळं विचारून घेतलं असणार.”

जा तू. फॉर्म घेऊन जा दोन्ही. हो, तीच हाक मारतेय, जेवायला. रोज मारते. खाली विचारलं तर सांग दादा झोपलाय. नको, काहीच सांगू नको. जा.