नावाचं कडवं

हॅलो?… कोण, वेदिका?… बोल. … ऐकू येतंय, बोल तू. हायवेवर दुकान आहे माझं, आवाज असणारच. गणपतीला दोन दिवस राहिले, मुंबईच्या सगळ्या गाड्या हातखंब्यावरूनच जाणार ना?

… हो, बघितले. चार मिस कॉल. मुद्दाम नाय उचलले.

… मुद्दाम म्हणजे मुद्दाम! तवा तापला होता आणि डोकं पण. तेव्हा उचलला असता तर काय बोलले असते ते माझं मलाच ठाऊक.

… थांब जरा. ओ दादा, घावणे संपले. वडे घ्या, चटणी तिकडं आहे. … हां, बोल.

… तिसरा नंबर? कसला तिसरा नंबर?… सणाची आवडती दहा गाणी. कोणी काढलीन ही यादी?… बरं. आणि त्यात तुमच्या बँडचं गाणं तिसरं. … वा! 'चिरेखाण' बँड, रत्नागिरी. पेढे वाटा.

… आवाज असाच आहे माझा. … नाय, खूश नाय मी. अजिबात नाय. … अगो ऐक. अगो ऐक ना! आधी मला बोलू दे.

तीन दिवस झाले म्हणे गाणं येऊन. मला कुठं वेळ मोबाईल बघायला? काल सकाळी एक पांढरी गाडी थांबली समोर. बोरिवलीची माणसं. दारं उघडी टाकलीनी आणि मोठ्यानं गाणं लावलानी. 'आली गो गौराय खाडीच्या वाटेनं, तरीतून उतरली ओल्या पायानं…' माझ्या हातातला झारा तसाच राहिला. बाबांना खुर्चीसकट ओढत पुढं आणलं. म्हटलं, बाबा, ऐका, तुमचं गाणं! चाळीस वर्षांपूर्वी जाखडीच्या नाचाला बांधलेलं, आता ड्रम आणि गिटारवर वाजतंय.

… ऐक गो पुढं! शिमग्यात अर्धांग आल्यापासून वाचा गेली त्यांची, तुला माहीत आहे. पण कान शाबूत आहेत. उजव्या हाताची बोटं मांडीवर ठेका धरून होती. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. मग हमझाची गिटार सुरू. … हो, चांगली वाजवतो, मी कधी नाय म्हटलं? वाजली, वाजली, आणि गाणं बंद. गाडीवाल्यानं दुसरं लावलान.

आणि बाबा माझ्याकडं बघत बसले. … अगो, बघत म्हणजे वाट बघत! पुढचं कडवं कुठाय म्हणून!

… कोणतं काय विचारतेस? नावाचं! जाखडीच्या गाण्याचं शेवटचं कडवं नावाचं असतं. गुरूचं नाव, वाडीचं नाव आणि ज्यानं गाणं बांधलं त्याचं. आमच्याकडं शेंबडं पोर पण सांगेल. नाव आल्याशिवाय गाणं संपत नाय.

… खाली लिहिलंय? कुठं खाली? व्हिडिओच्या?… 'मूळ गीत, शाहीर केरू.' बरं मग? खाली कोण वाचतो? नाव गायचं असतं, वेदिका! नुसतं लिहिलेलं काय, रेशनकार्डावर पण आहे.

… कापलान कोणी ते सांग. हर्षदनं ना?… त्याचाच उद्योग असणार. 'ताई, तीन मिनिटांच्या वर कोणी ऐकत नाय' असं म्हणाला होता मला. माझ्याच दुकानात बसून, माझेच सहा घावणे हाणून!

… नाय, का शांत होऊ? पाच वर्षं तुमच्या मागं फिरतेय मी. मिरकरवाड्यात हमझाच्या बापसाच्या जाळ्यांच्या खोलीत वाजवायचात, तेव्हा ऐकायला कोण होतं? मी आणि एक मांजर. ते पण सुकटीच्या वासानं आलेलं. वेळणेश्वरला पाऊस आला, सगळे पळाले, तेव्हा तुमच्या स्पीकरवर छत्री कोणी धरली? देवरुखला कॉलेजच्या पोरांनी हुर्यो केली, तेव्हा उठून कोण भांडलं? बावन्न वर्षांची बाई, तुमचा तो काळा टी-शर्ट साडीवर घालून गावभर फिरली. वाडीतल्या बाया हसल्या, सगुणाला वेड लागलंय म्हणाल्या. म्हटलं हसू देत.

आणि तुम्ही माझ्याच बापसाचं नाव खाल्लंत.

… नाय, एवढ्यावर थांबत नाय ते. अनिलनं काय केलान ठाऊक आहे?… आमच्या पलीकडच्या वाडीचा. जाखडीत आम्ही शक्तीवाले, ते तुरेवाले. समोरासमोर बारी लागते, गाण्याला गाण्यानं उत्तर द्यायचं. कालच ग्रुपवर टाकलान, 'चिरेखाणचं गाणं ऐकलं. निनावी आहे. यंदा गौरीला आमच्या बारीत आमच्या नावानं म्हणणार.' खाली सतरा जणांनी हसलेली तोंडं टाकलीनी.

… कसा म्हणजे? म्हणेल की! त्याचं काय चुकलं? नाव नसलेलं गाणं वाटेवर पडलेलं. उचलेल त्याचं. ज्या तुरेवाल्यांना बाबांनी आयुष्यभर पुरून उरून उत्तरं दिली, ते आता त्यांचंच गाणं त्यांच्यासमोर म्हणणार. आणि बाबा खुर्चीत बसून ऐकणार. एक शब्द बोलता यायचा नाय त्यांना.

… रडू नको. तू रडलीस की मला आणखी चेव येतो. … काय? मोठ्यानं बोल, ट्रक जातोय. … नव्हतंच? काय नव्हतं?… रेकॉर्डिंगमध्ये?

खोटं बोलू नको. … वेदिका, माझ्याशी खोटं बोलू नको हां! मी स्वतः केलंय ते रेकॉर्डिंग. गेल्या वर्षी, गौरी गेल्यावर. इथंच, दुकानात. बाबा सगळं गायले होते. तुम्हाला पाठवलं कोणी? मीच ना?

… मग पाठव ते. आत्ता पाठव. … माझ्याकडं कुठलं असायला, जुना फोन कढईत पडला ना माझा! … पाठव, पाठव. मी ठेवत नाय फोन. तुझ्यासमोर ऐकते. आणि असलं ना त्यात चौथं कडवं, तर गौरीला वेळणेश्वरला कार्यक्रम आहे ना तुमचा, तिथं स्टेजवर चढून हर्षदच्या हातातल्या त्या ड्रमच्या काठ्या मोडते.

… आलं. थांब. लावतेय.

… हो, हेच. … केवढा आवाज होता गो. … ढोलकी नाय, झांज नाय, तरी बघ. … दुसरं. … हे तिसरं. … आता ऐक. आता येईल. आता…

…

… हॅलो. … आहे मी. … नाय, फोन तुटला नाय.

… ऐकलं. … परत लावते. थांब.

… माझाच आवाज आहे. 'बाबा, पुरे आता, खोकला लागेल. गिऱ्हाईक आलंय.' आणि बंद.

… नाय गो. एकदा पण ऐकलं नव्हतं शेवटपर्यंत. बापूस समोर बसलेला, धडधाकट. रेकॉर्डिंग कशाला ऐकत बसू? मला वाटलं, झालं सगळं.

त्यांनी श्वास घेतला होता. … ऐकलंस तू? मी बोलायच्या आधी. चौथं म्हणायला श्वास घेतलान माणसानं, आणि मी मध्ये तोंड घातलं. कशासाठी, तर दोन कप चहासाठी! चहा पिऊन ते गेले पण असतील, तोंडं पण आठवत नाय मला त्यांची.

… मग तू विचारायचं नाय? हां? जाखडीच्या गाण्याला हात घालता, तर पुढं काय आहे एवढं विचारायचं नाय एका शब्दानं?… विचारलेलंस? कधी?… काय विचारलेलंस?… 'ताई, गाणं एवढंच ना?' आणि मी मेसेजला अंगठा टाकला?

… शिमग्याच्या आठवड्यात?

… मी हॉस्पिटलात होते गो तेव्हा. बाबांच्या उशाशी. कोणी काय विचारत होतं, मी वाचत पण नव्हते. सगळ्यांना नुसता अंगठा टाकत होते.

… हमझा? काय म्हणाला हमझा?… अर्धवट वाटतंय म्हणाला? गाणं?… आणि म्हणून ती गिटार घातलीन शेवटी. … बघ. मिरकरवाड्याचं पोर, जन्मात जाखडी नाचलेलं नाय, पण त्याला कळलं. काहीतरी राहिलंय हे त्याला कळलं. आणि मी इथं कालपासून तुम्हाला शिव्या घालतेय.

… गप्प बस. 'तुमची चूक नाय ताई' असलं काही म्हणू नको मला. माझीच आहे. मला माझा राग येऊ दे जरा. … नाय, हर्षदवरचा राग आहे तो वेगळा. तो राहणार. सहा घावण्यांचा.

… कोण, मी?… येतं. येतं म्हणजे ते कडवं पाठ आहे. … कोण शिकवणार? बाबा बारीत गायचे, आम्ही बाया पडवीत बसून तोंडातल्या तोंडात म्हणायचो. एकदा मोठ्यानं म्हटलं मी, दहा-बारा वर्षांची असेन. असे डोळे वटारलेनी बाबांनी! बाईमाणसानं बारीचं गाणं म्हणायचं नाय, असं होतं तेव्हा. … हो, आता पोरींची मंडळं आहेत, ठाऊक आहे मला. आमच्या वेळी नव्हती. त्यानंतर त्यांच्यासमोर नाय गायले कधी. चाळीस वर्षं झाली.

… वहीत कुठलं? बाबांना लिहिता येत नाय. सगळं तोंडी बांधायचे. त्यांच्या सोबतीचे एकेक करून गेले. … हो. म्हणजे मीच राहिले. कळतंय मला, उगाच परत परत सांगू नको.

… आत्ता? इथं? दुकानात?

… बरं. पण ऐक. माझा आवाज घालायचा नाय गाण्यात, तू शिकून तू म्हणायचंस. गौरीला वेळणेश्वरच्या कार्यक्रमात पहिलं हेच गाणं. चारी कडवी. आणि व्हिडिओ नवीन टाका, अनिलच्या बारीच्या आधी. … तिसरा नंबर गेला तर जाऊ दे खड्ड्यात! आणि हर्षदला सांग, तीन मिनिटांच्या वर गेलं तर मी येईन घड्याळ बघायला.

… थांब, गाडी लागली. … ओ दादा, चहा नाय. … वडे पण नाय. … हो, दिसतायत ना वडे, पण द्यायचे नाय मला. दुकान उघडं आहे आणि बंद आहे! पुढं जा, पालीला मिळेल. … जा म्हटलं ना!

… गेले. बडबडत गेले. जाऊ देत.

बाबा. … बाबा, इकडं बघा. नावाचं कडवं म्हणतेय मी. वेदिका ऐकतेय फोनवर. चुकलं तर हात वर करा. … डोळे वटारू नका, आता ऐकायचं तुम्ही.

हां, वेदिका, लाव रेकॉर्डिंग. लावलंस?… मग गप्प राहा.

'शिवा गुरूंचा हात माझ्या शिरी,
पिंपळवाडीची शक्तीची बारी…'

…

… अगो गप! मध्ये बोलू नको! संपलं नाय. श्वास घेतेय मी.

'… केरू शाहीर गातो गौरीच्या दारी.'

… झालं. ठेवते.