कोरसमधला आवाज

जुन्या रेकॉर्डच्या दुकानात रांग एका आजी-आजोबांपाशी अडली होती. मागे उभ्या असलेल्या नर्सला ड्यूटीला उशीर होत होता. ती चुळबुळत होती, पण कान मात्र पुढे होते.

"आजोबा, सील फोडू नका," दुकानदार म्हणाला. "अशी कोरी रेकॉर्ड आता दुर्मीळ आहे. फोडलीत तर परत घेणार नाही."

"परत द्यायला कोण आलंय? आयुष्यातली पहिली रेकॉर्ड घेतोय. कोरसमध्ये आमची ही आहे!"

"अहो, हळू! लोक ऐकताहेत."

"ऐकू देत. लग्नाआधी हिनं सांगितलं, तेव्हापासून शोधतोय. लावा तुम्ही."

"त्या घोळक्यात माझा आवाज काय ओळखणार तुम्ही?"

"रोज स्वयंपाकघरातून ऐकतो. झोपेतही ओळखेन."

सुई टेकली. गाणं सुरू झालं, कोरस आला आणि गेला.

"अगं, ह्यात तू नाहीस."

आजी रेकॉर्डचं कव्हर उलटसुलट करून पाहू लागल्या.

"नाहीसच."

"त्या दिवशी घसा बसला होता हो. मागे उभी राहून नुसते ओठ हलवले. तुमच्यापुढे जरा फुशारकी मारली, आणि मग खरं सांगायचं राहूनच गेलं."

"इतकी वर्षं?"

"तुम्हाला ही रेकॉर्ड सापडेल असं कुठं वाटलं होतं!"

"आजोबा, आता परत मात्र..."

"परत कोण देतंय? पहिल्यापासून लावा. आणि तू गं, कोरस आला की म्हण."

"इथं? मागे रांग आहे!"

"म्हणा आजी," नर्स म्हणाली. "मला काही घाई नाही."